खलनायकाविषयीची सहानुभूती : मालिकेतील रावण व वऱ्हाडातील रावण-कीचक यांच्या संदर्भात एक मानसशास्त्रीय विवेचन

बीजशब्द : खलनायक, सहानुभूती, तादात्म्य, नैतिक अलिप्तता, रावण, कीचक, वऱ्हाड

प्रस्तावना

अलौकिक शक्ती धारण करणारा नायक आणि त्याच्या तोडीस तोड असा प्रतिनायक यांच्या संघर्षावर उभी असलेली दूरचित्रवाणी मालिका म्हटली की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकन महानायक उभे राहतात. तथापि आपल्याकडे या प्रकाराने घराघरांत प्रवेश केला तो पौराणिक मालिकांच्या रूपाने. 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली आणि 31 जुलै 1988 पर्यंत तिचे 78 भाग प्रसारित झाले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात तिचे पुनःप्रसारण झाले, तेव्हा जी पिढी मूळ प्रसारणाच्या वेळी जन्मलीही नव्हती तिनेही ती पाहिली. या मालिकेने राम-सीतेच्या प्रतिमा जशा घडविल्या तसा एक रावणही घडविला. अरविंद त्रिवेदी यांनी साकारलेला हा रावण प्रेक्षकांना भीतिदायक वाटला, पण तिरस्करणीय वाटला असे म्हणवत नाही. सीताहरण करणाऱ्या पुरुषाची भूमिका केलेला हा नट 1991 साली गुजरातमधील साबरकांठा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आला. हा योगायोग नव्हे, असे म्हणण्याचे धाडस करता येणार नाही; मात्र त्या भूमिकेने त्यांचे काही बिघडविले नाही, एवढे निश्चित.

खलनायक वाईट आहे हे ठाऊक असूनही त्याच्याविषयी आपल्याला आतून काहीतरी वाटते. हे वाटणे नेमके काय आहे, ते कोणत्या मानसिक प्रक्रियांतून येते आणि ते कोठे घसरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरणे दूरची शोधण्याची गरज नाही. अकोला जिल्ह्यात रावणाची मूर्ती पूजिली जाते आणि अमरावती जिल्ह्यात कीचकाच्या नावाची दरी आहे. दोघेही परस्त्रीच्या अभिलाषेने नष्ट झालेले पराक्रमी पुरुष. परंतु एकाच्या वाट्याला आरती आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला दरी. हा फरक का पडला, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

सहानुभूती कशी निर्माण होते

प्रत्येक खलनायकाविषयी सहानुभूती वाटत नाही. 1997 ते 2005 या काळात दूरदर्शनवर गाजलेल्या ‘शक्तिमान’ मालिकेतील तमराज किल्विष आठवावा. सुरेंद्र पाल यांच्यासारखा, ‘महाभारत’ मालिकेत द्रोणाचार्य साकारलेला समर्थ नट असूनही किल्विषाविषयी कोणत्याही मुलाला कणव वाटल्याचे ऐकिवात नाही. कारण तो माणूस नसून अंधाराचे मूर्त रूप आहे. त्याला बालपण नाही, पत्नी नाही, हरविण्यासारखे काही नाही.

याच्या उलट उदाहरण 1992 साली अमेरिकेत प्रसारित झालेल्या ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ या मालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाचे. मिस्टर फ्रीझ हे पात्र चित्रकथांमध्ये पूर्वीपासून होते. गोठविणारी बंदूक घेऊन फिरणारा एक चोर, एवढीच त्याची ओळख होती. पॉल डिनी या लेखकाने त्याला असाध्य रोगाने ग्रस्त अशी पत्नी दिली. तिच्यावर उपाय सापडेपर्यंत तिला शीतावस्थेत जपणारा हा शास्त्रज्ञ कंपनीच्या मालकाच्या निष्ठुरतेमुळे उद्ध्वस्त होतो, अशी नवी पूर्वकथा रचली. त्याचे गुन्हे तेच राहिले, बंदूकही तीच राहिली. बदलले ते फक्त प्रेक्षकाचे ज्ञान. या भागाच्या लेखनास एमी पुरस्कार मिळाला आणि पुढील महानायक-मालिकांतील खलनायकांना भूतकाळ असणे जणू बंधनकारक झाले.

सामाजिक मानसशास्त्रात ‘मूलभूत आरोपण दोष’ म्हणून जी संकल्पना 1977 साली ली रॉस यांनी मांडली, तिचा येथे उपयोग होतो. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती चटकन आठवते. परगावचा माणूस उशिरा आला तर तो बेफिकीर, आपण उशिरा आलो तर एस.टी. उशिरा आली! कथाकार जेव्हा खलनायकाची परिस्थिती आपल्यापुढे उलगडतो तेव्हा तो आपल्याला या दोषातून काही काळ बाहेर काढतो. आपण जी सवलत एरवी केवळ स्वतःला देतो ती खलनायकाला देऊ लागतो.

चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 साली ‘एंगेजिंग कॅरॅक्टर्स’ या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. पात्राची ओळख पटणे, पात्राच्या सान्निध्यात राहणे आणि पात्राचा पक्ष घेणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, असे ते सांगतात. कॅमेरा किंवा निवेदन ज्याच्याजवळ अधिक काळ थांबते, ज्याच्या मनात आपल्याला डोकावू देते, त्याचे सान्निध्य आपल्याला लाभते. सान्निध्यातून पक्षधरता सहज जन्मते, पण जन्मलीच पाहिजे असे नाही. या दोहोंमधील अंतर ओळखणे हेच सुजाण प्रेक्षकाचे लक्षण होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठी समीक्षेला हा विचार अगदीच नवा नाही. न. चिं. केळकर यांनी 1921 साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, मात्र स्वतःचे भान पूर्णतः सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद असतो, असा तिचा आशय. खलनायकाच्या बाबतीत ही कल्पना विशेष लागू पडते. रावणाच्या मनात शिरूनही आपण घरच्या दिवाणखान्यातच बसलेले असतो, म्हणूनच तो प्रवास निर्धोक वाटतो. रेबेका क्राउझे व डेरेक रकर यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसते. 2 लाखांहून अधिक व्यक्तींच्या पसंतीची माहिती तपासल्यावर असे आढळले की, माणसांना आपल्याशी साम्य असलेले काल्पनिक खलनायक अधिक आवडतात. प्रत्यक्ष जीवनात मात्र आपल्यासारख्याच दुष्ट माणसापासून आपण दूर राहू पाहतो, कारण ते साम्य आपल्याला बोचते. कल्पित कथेचा आडपडदा असला की ही बोच नाहीशी होते.

जखम आणि सूड यांचे मराठीतील प्रखर उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972). पुण्यात चोरीचा खोटा आळ, मारहाण, अपमान. त्यातून कनोजी ब्राह्मणाचा क्रूर कोतवाल घडतो. मुलीच्या मृत्यूने तो कोसळतो तेव्हा प्रेक्षकही हलतो. पण जिला नानांच्या हाती देऊन ही कोतवाली मिळविली त्या गौरीला नाटकात स्वतःचे असे म्हणणे जवळजवळ नाही. बापाचा आक्रोश आपल्याला ऐकू येतो, मुलीचे मन नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

मालिकेतील रावण

सागरांच्या मालिकेने वाल्मीकी व तुलसीदास यांच्याबरोबरच कंब रामायण, एकनाथांचे भावार्थ रामायण इत्यादींचा आधार घेतला होता. ग्रंथात थोडक्यात येणारे प्रसंग पडद्यावर विस्तारतात. दरबार, मंत्रणा, मंदोदरीचा उपदेश, बिभीषणाचा त्याग, एकामागून एक पडणारे पुत्र व बंधू यांत प्रेक्षकाचे अनेक रविवार लंकेतच गेले. सान्निध्य निर्माण झाले ते येथे. मेघनादाच्या वधानंतरचा रावण हा पुत्रशोकाने विदीर्ण झालेला बाप आहे. त्या क्षणी त्याचा अपराध आठवण्यासाठी प्रेक्षकाला थोडा प्रयत्न करावा लागतो.

रावणाच्या भव्यतेने दिपून जाणारा पहिला प्रेक्षक मात्र विसाव्या शतकातील नाही. वाल्मीकींच्या सुंदरकांडातील एकोणपन्नासाव्या सर्गात बंदिवान हनुमान रावणाला समोर पाहतो आणि त्याचे रूप, धैर्य, तेज पाहून थक्क होतो. याच्या ठायी अधर्म नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता, असा विचार त्याच्या मनात येतो. अशोकवनात सीतेला भेटून, तिचे अश्रू पाहून आलेला हनुमान हा विचार करतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याला दोन्ही ठाऊक आहे. त्यामुळे त्याचा विस्मय खरा असूनही त्याचा पक्ष बदलत नाही. स्मिथ यांनी सांगितलेले सान्निध्य व पक्षधरता यांतील अंतर आदिकवीने एका वानराच्या मनात किती सहजतेने दाखविले आहे!

सांगोळा आणि मेळघाट

अकोला जिल्ह्याच्या पातूर तालुक्यातील सांगोळा या गावी रावणाची काळ्या पाषाणाची, दहा मस्तके व वीस हात असलेली मूर्ती आहे. दसऱ्याला अन्यत्र रावणदहन होत असता येथे तिची पूजा व आरती होते. त्या सुमारास वृत्तपत्रांतून दरवर्षी याची बातमी येते. ही परंपरा सुमारे तीनशे वर्षांची असल्याचे ग्रामस्थ सांगतात. गावात रामाविषयीही श्रद्धा आहे. एकाची भक्ती म्हणजे दुसऱ्याचा द्वेष असे तेथील कोणी मानीत नाही. गावाचे सुखसमाधान या मूर्तीमुळे आहे, अशी त्यांची भावना आहे. येथवर हा ग्रामदैवताचा व्यवहार आहे आणि त्याला मानसशास्त्रीय समर्थनाची गरज नाही. आजी-आजोबांनी जेथे हात जोडले तेथे नातवंडे जोडतात.

लक्षणीय आहे ते बाहेरच्या माणसाने ‘का’ असे विचारल्यावर दिले जाणारे उत्तर. रावण विद्वान व तपस्वी होता, त्याने सीतेला राजकीय कारणासाठी पळविले आणि तिचे पावित्र्य जपले, असे वार्ताहरांना सांगण्यात आले आहे. श्रद्धा आधीची आहे, युक्तिवाद नंतरचा. अपराध्याला आधी आपलासा मानायचे व मग त्याच्या अपराधाला कारण शोधायचे, हा क्रम केवळ सांगोळ्याचा नव्हे. तो तुमच्या-आमच्या घरांतलाही आहे.

मेळघाटातील कोरकूंचा रावण मात्र यापासून कटाक्षाने वेगळा ठेवला पाहिजे. आपल्या महाविद्यालयीन चर्चांतून या दोहोंची सरमिसळ वारंवार होते. रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदविली आहे. विंध्य व सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला तेथे माणसे वसविण्याची विनंती केली. महादेवाने कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधावयास धाडले आणि त्या मातीतून स्त्री-पुरुषांच्या आकृती घडविल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या पुन्हा पुन्हा तुडविल्या. अखेर महादेवाने कुत्रा निर्माण केला, त्याने घोडे रोखले आणि मुला व मुलाई हे आदिदांपत्य जन्मास आले. या कथेत रावण खलनायक नाहीच. त्याच्या प्रार्थनेमुळे एका समाजाचे अस्तित्व आहे. होळीच्या सुमारास मेघनाथाचे पूजन करणाऱ्या समाजाला ‘तुम्हांला खलनायकाविषयी सहानुभूती का वाटते?’ असे विचारणे म्हणजे आपली कथा त्यांच्या माथी मारणे होय. आदिवासी संघटना रावणदहनाला विरोध करतात तेव्हा त्यामागे ही स्वतंत्र परंपरा असते.

समर्थनाची भाषा

आता वर्गातील अनुभवाकडे वळू. गेली काही वर्षे दसऱ्याच्या सुमारास एक संदेश भ्रमणध्वनीवरून फिरतो. तुला कसा भाऊ हवा, असे गर्भवती आई मुलीला विचारते आणि मुलगी उत्तर देते, रावणासारखा. कारण बहिणीच्या अपमानासाठी त्याने राज्य पणाला लावले आणि हरण केलेल्या स्त्रीला स्पर्शही केला नाही. विद्यार्थी, आणि विशेष खेदाची बाब म्हणजे विद्यार्थिनीही, हा युक्तिवाद गंभीरपणे मांडतात.

अल्बर्ट बांडुरा यांनी ‘नैतिक अलिप्तते’च्या ज्या यंत्रणा सांगितल्या त्यांचा हा जणू पाठ्यपुस्तकी नमुना आहे. माणूस आपली नीतिमूल्ये न सोडता ती तात्पुरती बाजूला कशी ठेवतो, हे बांडुरा यांनी दाखविले. कृत्याला उदात्त हेतू चिकटविणे (बहिणीचा मान), अधिक वाईटाशी तुलना करणे (आजच्या नराधमांपेक्षा रावण बरा), परिणाम लहान करून सांगणे (स्पर्श तर केला नाही) आणि पीडितेवर दोष ढकलणे (तिने लक्ष्मणरेषा का ओलांडली?) या चारही यंत्रणा एकाच संदेशात व त्यावरील चर्चेत सापडतात. ज्या लक्ष्मणरेषेच्या आधारे सीतेला दोष दिला जातो ती वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

ग्रंथ काय सांगतो? सुंदरकांडात रावण सीतेला दोन महिन्यांची मुदत देतो. तोवर ती वश न झाल्यास आचारी तिचे तुकडे करून न्याहारीला शिजवतील, अशी धमकी देतो. युद्धकांडात महापार्श्व त्याला बळजबरीचा सल्ला देतो, तेव्हा रावण स्वतःच कारण सांगतो : पुंजिकस्थलेवर केलेल्या अत्याचारामुळे ब्रह्मदेवाने शाप दिला असून परस्त्रीवर बळ वापरल्यास मस्तकाची शकले होतील. उत्तरकांडात रंभेच्या प्रसंगी नलकूबराचाही असाच शाप येतो. ज्याला आपण संयम म्हणून गौरवितो ते शिक्षेचे भय आहे, आणि त्या भयाच्या मागे आधीच्या दोन पीडित स्त्रिया उभ्या आहेत. सहानुभूतीच्या कथेत त्यांची नावेही उरत नाहीत.

हा केवळ पुराणवाचनाचा प्रश्न असता तर एवढा विस्तार केला नसता. 2013 च्या कायद्यान्वये प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती आहे. वाचकांपैकी अनेकांनी तिच्यावर काम केले असेल. मुलगा हुशार आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, वडील नाहीत, त्याने हात तर लावला नाही, हे शब्द तेथे कसे उच्चारले जातात हे त्यांना सांगावयास नको. यातील पहिली तीन विधाने खरीही असू शकतात. ती ऐकून मन द्रवणे हे माणुसकीचेच लक्षण आहे. निर्णय देताना शिक्षेचे स्वरूप ठरविण्यास त्यांचा उपयोगही होईल. परंतु ती ऐकता ऐकता तक्रारदार मुलीचे म्हणणे किती मिनिटे ऐकले, हे कोणीतरी मोजावयास हवे. मालिकेच्या दिग्दर्शकाप्रमाणे समितीही आपला कॅमेरा कोठेतरी लावीत असते.

कीचकाला सहानुभूती का नाही

चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले, असे स्थानिक परंपरा सांगते. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवितात आणि जवळच्या वैराटचा संबंध विराटनगरीशी जोडतात. व्युत्पत्तीच्या शास्त्रीयतेविषयी शंका घेता येईल, पण येथे आपल्याला लोकमनाचा कौल पाहावयाचा आहे आणि तो स्पष्ट आहे.

वस्तुतः सहानुभूतीची सामग्री कीचकापाशीही आहे. तो विराटाचा पराक्रमी सेनापती आहे, त्याच्या बळावर राज्य टिकून आहे. सैरंध्रीला पाहून तो कामविव्हल होतो, झुरतो. चतुर मालिकालेखकाला त्याच्यावर दोन-चार हृदयस्पर्शी भाग लिहिणे अवघड नाही. तरीही हजारो वर्षांत हे फारसे घडले नाही. याचे कारण विराटपर्वाच्या निवेदनात आहे. महाभारतकार द्रौपदीपाशी थांबतात. भर सभेत लाथ खाल्ल्यावर ती राजाला जाब विचारते. रात्री मुदपाकखान्यात बल्लव झालेल्या भीमाला उठवून ती आपल्या हातांवर पडलेले घट्टे दाखविते, एकेका पतीची दैना सांगते, रडते, संतापते. हे बोलणे दीर्घ आहे आणि ते ऐकल्यावर कीचकाच्या विरहवेदनेला श्रोत्याच्या मनात जागा उरत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत भारतमाता, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल ओळखले. 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. राजकीय रूपकाची ताकद तर त्यात होतीच. पण पीडितेचा आवाज रंगमंचाच्या मध्यभागी असल्यामुळे अत्याचाऱ्याचे मन समजून घेण्याचा मोह प्रेक्षकाला पडला नाही, हेही तितकेच खरे.

सीता रामायणात गप्प आहे असे नाही. गवताची काडी मध्ये ठेवून ती रावणाला जे सुनावते त्यात दुबळेपणाचा लवलेशही नाही. मालिकेतही तो प्रसंग आहे. पण लोकस्मृतीने रावणाचे तप, त्याची शिवभक्ती, त्याचा पुत्रशोक जपला आणि ती काडी विसरली. द्रौपदीचे बोलणे मात्र तिला विसरता आले नाही.

कीचकाच्या कथेतील आणखी एका पात्राकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे राणी सुदेष्णा, कीचकाची बहीण. खलनायकाविषयीची सहानुभूती शिकवावयाची तर मी विद्यार्थ्यांना रावणावर निबंध देण्याऐवजी सुदेष्णेचे स्वगत लिहावयास सांगेन. ती दुष्ट नाही. सैरंध्रीला तिनेच आश्रय दिलेला आहे, आणि सैरंध्रीच्या गंधर्व पतींची धास्तीही तिला आहे. पण भावाची तळमळ तिला पाहवत नाही. आपल्या भावाला ती आतून ओळखते, त्याचे दुःख तिला खरेच दुःख वाटते. सैरंध्री जाण्यास नकार देते, तो माझा अपमान करील असे स्पष्ट सांगते. सुदेष्णा ते ऐकते आणि सुरा आणण्यासाठी झाकणाचे सोन्याचे पात्र तिच्या हाती देऊन तिला भावाच्या महालाकडे पाठविते.